सारजाबाईचे दोन खण

"ज्याचं वझं त्याच्याच डोईवर बरं दिसतं."

सारजाबाई हे वाक्य दिवसातून चारदा तरी म्हणायची. शेजारणीनं निम्म्या वाटेत भारा घेऊ का म्हणून विचारलं तरी हेच, आणि कुणी आपल्या घरचं भांडण तिच्या दारात आणून टाकलं तरी हेच. ऐकणाऱ्याला ते तोडून बोलल्यासारखं वाटायचं. पण ती तोडत नव्हती. हे माझं, ते तुझं, असं दोन बाजूंना नीट लावून ठेवल्याशिवाय तिला झोप येत नसे, इतकंच.

आमचं गाव मुळेच्या काठाला, पौडापासून दोन कोस वर. नदी म्हणावी तर आठ महिने ती गुडघाभर. पण आषाढ लागला की ताम्हिणीकडचे सगळे ओढे तिच्यात उतरायचे आणि पलीकडची शेतं, बाजार, सोयरेधायरे, सगळं दिवाळीपर्यंत दुसऱ्या मुलखात गेल्यासारखं व्हायचं. त्या दिवसांत गावाला पलीकडं न्यायचा तो भैरू, सारजाबाईचा नवरा. होडी हाकायचं काम त्याच्या घराण्यात चार पिढ्यांचं. बाळंतीण असो, वऱ्हाड असो, नाहीतर कोर्टाच्या तारखेला निघालेला भांडकुदळ असो, भैरू कुणाकडून पैसा घेत नसे. खळ्यावर भात झोडलं की घरटी एक पायली त्याच्या सुपात पडायची. दीडशे घरांच्या दीडशे पायल्या. त्यावर घर चालायचं, आणि वर्षाची दोन लुगडी व्हायची.

साठ साली नदीवर दगडी पूल झाला. पुलावरून पहिली मोटार गेली त्या दिवशी भैरूनंही सगळ्यांबरोबर गूळ-खोबरं खाल्लं. त्या साली खळ्यांवर सूप घेऊन गेला तर दीडशेतल्या साठ घरांनी पायली घातली. दुसऱ्या साली अकरा घरांनी. तिसऱ्या साली खळ्यावरचा टवाळ कोंडिबा थट्टेनं म्हणाला, "भैरू, आता बलुतं पुलाला द्यायचं का रं?" भैरूही हसला. घरी आला आणि सूप आढ्याला अडकवून टाकलं.

मग सारजाबाई उठली. उठली म्हणजे ती बसलेली कधीच नव्हती, पण आता घराचा गाडा तिच्या एकटीच्या खांद्यावर आला. लोकांचं भात कांडलं, डोंगरावरून शिकेकाई आणली, आणि गवताच्या हंगामात शेकड्यावर पेंढ्या बांधल्या. त्या गवताचे ट्रक पुण्याच्या गवळ्यांकडं जायचे, नव्या पुलावरूनच. तिला त्याचं वाईट वाटायचं नाही. म्हणायची, "पुलानं एका हातानं घेतलं, दुसऱ्या हातानं थोडं दिलं. लबाड म्हणता यायचं न्हाई त्येला."

या सगळ्यात घरपट्टी भरायची राहिली. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. त्रेसष्टच्या फाल्गुनात कोतवालानं हलगी बडवून दवंडी दिली, की ज्यांची तीन सालांची थकबाकी आहे त्यांनी मार्चअखेर भरावी, नाहीतर पंचायत घरातली भांडी उचलून चावडीवर नेईल. सारजाबाईच्या घरात उचलण्याजोगं भांडं एकच होतं. तिच्या आईनं दिलेला तांब्याचा हंडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती चावडीच्या पायरीखाली जाऊन उभी राहिली. आत सरपंच जयसिंगराव आणि ग्रामसेवक वाल्मीक बसले होते. वाल्मीक नगरकडचा, वर्षापूर्वी आलेला तरुण माणूस. गाव त्याला भाऊसाहेब म्हणायचं.

"भाऊसाहेब, आमचं किती हाय?"

वाल्मीकनं वही काढली. "खणाला दीड रुपया. तुमचे चार खण. वर्षाचे सहा. तीन वर्षांचे अठरा."

आमच्याकडं घर खणांवर मोजतात. दोन खांबांच्या मधली जागा म्हणजे एक खण. लहान पोराला विचारलं तरी तो आपलं घर किती खणांचं ते सांगेल.

"चार?" सारजाबाई म्हणाली. "घर दोन खणांचं हाय माजं. दोन कुटनं आलं?"

"शेजारची खोप. तीन-तीनच्या दोन ओळी, सहा खांब, दोन खण."

"ती व्हय? ती होडीची खोप हाय. पावसाळा सरला की होडी ठेवायची. ती गावाची."

जयसिंगराव माणूस वाईट नव्हता. त्याला प्रकरण वाढवायचं नव्हतं. तो म्हणाला, "सारजे, कशाला हुज्जत घालतीस? तुजी परिस्थिती गावाला ठाव हाय. भाऊसाहेब अर्ज लिहितील, तू आंगठा कर. गरीब म्हणून सगळीच माफ करू. अठरातलं एक पैसाबी देऊ नको."

कुणीही दुसरी असती तर पाया पडून घरी गेली असती. सारजाबाई दोन पायऱ्या वर चढली.

"दादा, माफी त्येला, ज्याला देनं हाय आन् देता येत न्हाई. मी देते की. नऊ रुपये माजं हायेत, ते आणून टाकते. पर गावाची खोप माज्या नावावर लावायची आन् मग माजं तोंड बघून माफ करायची, ह्यो कुटला न्याय? मला मोजणी करून द्या."

"बाई, बुद्धी फिरली का तुजी? फुकट देतोय तर मोजणी मागतीस?"

"व्हय. मोजणीच मागते."

वाल्मीकनं वहीची पानं चाळली आणि त्याचा चेहरा जरा उतरला. "बाई, साठ साली घरं मोजली तेव्हा मालकाला विचारून लिहिलंय. ही बघा नोंद. खोप, मालक भैरू. खाली त्यांचा अंगठा आहे. हरकत घ्यायची तर तेव्हाच महिन्याभरात घ्यायची होती. आता शनिवारी पंचांपुढं मालकानं स्वतः जबाब दिला तरच बदलेल."

सारजाबाईला वाचता येत नव्हतं. पण नवऱ्याचा अंगठा तिनं ओळखला. वल्ह्याच्या दांड्यानं मधोमध चिरलेला अंगठा होता तो, कागदावरही चिरलेलाच उमटलेला. ती खाली उतरली आणि घराकडं वळली.

भैरू खोपीत, उपड्या घातलेल्या होडीला टेकून बसला होता. पूल झाल्यापासून तो तिथंच बसायचा. दरवर्षी जुन्या सवयीनं फळ्यांना करंजीचं तेल मात्र लावायचा.

"धनी, साठ साली पट्टीवाला आला तवा तुमी काय सांगितलंत?"

भैरूनं मान वर केली नाही. "त्यानं इचारलं, होडी कुणाची? म्या म्हनलं, माजी. खोप कुणाची? म्हनलं, माजीच."

"तुमची कशी? फळ्या गावानं आणल्या, खांब गावानं दिलं. दर साली मिरगाच्या आधी घरटी दोन भारं गवात यायचं शाकारायला. तुमची कशी?"

"मंग काय सांगायचं व्हतं?" भैरू एकदम मोठ्यानं बोलला. "तीस वरसं माणसं म्हनत आली, भैरूची होडी. भैरूची होडी आली का, भैरूची होडी गेली का. कुनी म्हनलं का कधी, गावाची होडी? मला तरी कसं सुचावं?"

ती खाली बसली. या गावात हे असं कुणाकडूनही झालं असतं. हाताखालची वस्तू माणूस आपलीच म्हणतो. गुरव देऊळ माझं म्हणतो, कोतवाल हलगी माझी म्हणतो. त्यावर कधी पट्टी बसेल हे कुणाच्या बापाला ठाऊक होतं?

"शनवारी पंचायत बसनार हाय," ती म्हणाली. "तुमी येऊन सांगा, खोप आपली न्हाई."

"आन् होडी?"

"होडीबी."

"मग मी कोन?"

तिनं होडीच्या बुडावर तळहात ठेवला. तेलानं फळी गुळगुळीत झाली होती.

"तुमी हाकनारं," ती शेवटी म्हणाली. "हाकनारा काय कमी असतो? पर गावाची वस्तू आपली म्हणून मिरवायची, आन् मग पट्टी आली की गरीब म्हणून हात पसरायचं, हे माज्यानं व्हनार न्हाई. हंडा नेला तरी चालंल. भाताला मडकं हाय."

भैरूनं तेलाचा बोळा उचलला आणि फळी पुसायला घेतली. तीन दिवस तो जेवायपुरताच घरात आला. त्या तीन दिवसांत ती पुलापाशी गवताचे ट्रक भरायला गेली आणि कमी पडत होता तेवढा सव्वा रुपया मिळवून आणला.

शनिवारी चावडीवर पाच पंच बसले. बाहेर पिंपळाच्या पारावर रिकामटेकडे पंधरा-वीस जमले होते. सारजाबाई एकटीच आली. तिला बघून कोंडिबा म्हणाला, "आली बघा माफी नको म्हननारी मालकीन!" पारावर हशा पिकला.

"हस बाबा," ती म्हणाली. "हसायला पट्टी न्हाई."

हशा परतून कोंडिबावरच गेला.

जयसिंगरावानं विचारलं, "भैरू कुटं हाय? मालकाच्या जबाबाबगर काय बदलायचं न्हाई, भाऊसाहेब म्हंत्यात."

सारजाबाई काही म्हणणार तेवढ्यात वाटेवरून भैरू येताना दिसला. डोक्याला पटका बांधला होता, जसा तो पुराच्या दिवसांत होडीवर चढताना बांधायचा. तो पायऱ्या चढला आणि कुणाकडंही न बघता वहीकडं बघून बोलला.

"लिवा भाऊसाहेब. खोप गावाची. होडी गावाची. म्या तवा माजी म्हनलं ते चुकीचं. मी निस्ता हाकनारा व्हतो."

मग पंचांतला सगळ्यांत म्हातारा होता तो खाकरला. "खरं हाय ते. त्यातलं दोन खांब माज्या बापानं दिलेत, आमच्या बांधावरच्या ऐनाचं. गवात तर माज्या हातानं न्हेऊन टाकलंय. आमाला ठाव व्हतं, पर आमी गप बसलो. पट्टी दुसऱ्यावर पडत असली की माणूस गपच बसतो."

वाल्मीकनं लिहिलं, वाचून दाखवलं, आणि जुन्या नोंदीवर तांबड्या शाईची रेघ मारली. भैरूनं अंगठा दिला. पंचांनी सह्या केल्या.

सारजाबाईनं कनवटीची पुरचुंडी सोडली. नऊ रुपये. बंदे तीन, बाकी सगळी नव्या पैशांची चिल्लर. वाल्मीकला ती मोजायला बराच वेळ लागला. मधेच त्याचा आकडा चुकला. सारजाबाईनं पुन्हा पहिल्यापासून मोजू दिलं आणि म्हणाली, "सावकास, भाऊसाहेब. मलाबी मिळवायला येळ लागलाय." पावती मिळाली तशी तिनं ती चार घड्या करून चोळीत ठेवली.

जयसिंगरावाला मात्र राहवलं नाही. माफी नाकारल्याचं त्याला लागलं होतं. तो म्हणाला, "मग आता ऐक, सारजे. होडी गावाची ठरली. गाव ती इकंल. पौडाचा लाकडाचा यापारी चाळीस रुपये देतोय. तवा रडत येऊ नको."

भैरूचा हात पायरीच्या कठड्यावर आवळला गेला. सारजाबाईनं ते पाहिलं.

"रडायचं ते तीन साल रडून झालं, दादा. गावाची हाय, गावानं ठरवावं. पर ठरवायच्या आधी एक करा. पुलाच्या मधल्या खांबाला भेग पडलीया, ट्रक भरताना रोज दिसती मला, ती ह्यास्नी दाखवायला सांगा. पूर कुनीकडनं चढतो ते ह्यास्नीच ठाव हाय. पुरात पूल गेला, तर चाळीस रुपयांत पौडाचा यापारी तुमाला पैलतीरी न्हेनार न्हाई."

पंच एकमेकांकडं बघू लागले. तो म्हातारा पंच म्हणाला, "या पावसाळ्यापुरती तरी राहू द्या म्हनतो मी. भेग म्याबी बघितलीया. आन् राहू द्यायची तर हाकनाऱ्याला रिकामं ठेवून चालायचं न्हाई." जयसिंगरावानं वाल्मीकला पुढचा विषय काढायला सांगितलं नाही. बराच वेळ बोलणं त्या पुलावर आणि होडीवरच फिरत राहिलं. भैरूला कुणीतरी आत बोलावलं, बस म्हणालं, आणि भेग नेमकी कुठं ते विचारलं.

सारजाबाई ते ऐकायला थांबली नाही. पुलापाशी दुपारचा ट्रक लागला होता आणि शंभर पेंढ्यांचा हिशेब तिच्या नावानं बाकी होता. तिनं पदर खोचला, लुगड्याच्या चिंधीची चुंबळ डोक्यावर ठेवली आणि पिंपळाखालून उतरून नदीच्या वाटेला लागली. पारावरच्यांनी पाय आखडून तिला वाट दिली. ती मागं वळली नाही. भैरू पंचांना पुराचं सांगत होता, पण सांगता सांगता त्याची नजर दारातून बाहेर गेली. ती बांधाच्या वळणाआड जाईपर्यंत तो तिच्याकडं बघत राहिला, आणि पंच त्याचं बोलणं पुढं व्हायची वाट बघत बसले.