पोचेचा फोन

औषधांच्या घाऊक विक्रीच्या त्या कार्यालयात सगळे त्यांना फॅक्सआबा म्हणत. प्रथम कोणी थट्टेने म्हटले असेल; परंतु मनुष्य ज्या कर्माशी दीर्घकाळ एकनिष्ठ राहतो, त्याचेच नाव अखेर त्याला चिकटते. माल निघाल्याच्या, संगणकात साठवलेल्या सूचना छापून घ्यायच्या, जिन्याखालच्या खोलीतल्या फॅक्सयंत्रात एकेक पान सरळ धरून सोडायचे, आणि यंत्राने शीळ घालून काम फत्ते झाल्याचे सांगितले तरी त्यावर विसंबायचे नाही, हा आबांचा नित्यनेम. मग ते फोन उचलत.

"पोचलं का?"

इतर ठिकाणांहून 'हो' एवढेच उत्तर येई. दूरच्या एका रुग्णालयात औषधभांडार सांभाळणाऱ्या बाई मात्र म्हणत, "पोचलं. पण शेवटची ओळ पुसट आलीय. वाचून दाखवा बघू."

आबा वाचून दाखवत आणि वाचता वाचता खोकत.

"औषधं विकता आणि खोकत बसता? शोभतं का हे?"

"दिव्याखाली अंधारच असायचा, बाई."

"अंधार कसला, आळस! आज काढा घेतला का?"

पत्नी निवर्तल्यापासून आबांना दटावणारे कोणी उरले नव्हते. घरी सून आदराने वागे. पण आदराने पोट भरते, मन नव्हे. बाईंना त्यांनी कधी पाहिले नव्हते. पाहावे असेही मनात आले नाही. तो आवाज पुरेसा होता.

एके दिवशी संगणक बसवणारे गृहस्थ आले. साहेबांसमोर त्यांनी पर्याय मांडले. पहिला, संगणकालाच टेलिफोनची तार जोडावी, म्हणजे साठवलेला कागद न छापता परस्पर जाईल. दुसरा, बाहेरच्या एखाद्या सेवेकडे हे काम सोपवावे. "आणि तिसरा," ते सहज म्हणाले, "सध्या चाललंय तसंच." आबा दाराशी उभे होते. आपण एक पर्याय आहोत, हे त्यांना त्या दिवशी कळले.

साहेब भला माणूस होता. त्याने विचारले, "आबा, तुम्ही पाठवून वर फोनही करता. त्याची खरंच गरज असते का?"

पुसट ओळीचे सांगावे, तर ती ओळ खरोखर पुसट असे की नाही, याचीच आबांना शंका होती. आणि खरे सांगावे, तर कोणत्या तोंडाने?

"नाही साहेब," ते म्हणाले, "सवय, दुसरं काय."

पहिला पर्याय ठरला. त्यासाठी आबांच्याच मेजावरच्या फोनची तार काढून जिन्याखाली ठेवलेल्या संगणकाला जोडली. त्यांना संगणकाच्या पडद्यासमोर बसवले. कागद आपोआप जात आणि प्रत्येकापुढे 'पोचले' असा हिरवा शब्द उमटे. रुग्णालयापुढेही रोज उमटे. पाठ असलेला नंबर आबांच्या ओठांवर येई. पण कामाशिवाय परक्या बाईला फोन करणे त्यांच्या मर्यादेत बसत नव्हते. एखादा तरी कागद अडावा, अशी वाट ते पाहू लागले, आणि मनातल्या मनात ओशाळले.

पावसाळा सरता सरता, एका दुपारी रुग्णालयाच्या नावापुढे लाल अक्षरे उमटली: 'पोचले नाही'.

आबा जवळजवळ धावतच साहेबांच्या खोलीत गेले. "साहेब, फोन करायला हवा. कामाचा आहे." त्यांनी घसा खाकरला, सदऱ्याची गुंडी सारखी केली आणि नंबर फिरवला.

पलीकडे आवाज अनोळखी होता. "फॅक्स? ते मशीन आजच बंद केलं. भांडार नव्या इमारतीत नेलं ना."

"आणि तिथल्या बाई?"

"त्या वारल्या हो. महिना होऊन गेला. तुमचे कागद येत होते रोज. खोली बंद, उचलणार कोण? सगळे खाली पडलेत." मग तो माणूस म्हणाला, "तुम्हीच का ते खोकल्यावाले? त्या विचारायच्या अधूनमधून, त्यांचा फोन का येत नाही म्हणून."

आबांनी हळूच फोन ठेवला.

"काय झालं तिकडे?" साहेबांनी विचारले.

"मशीन बंद केलंय."

"मग चिंता नको. न पोचलेला कागद सिस्टिम आपणहून पुन्हा पाठवत राहते."

आबा जागेवर येऊन बसले. मेजाच्या कडेला, जिथे त्यांचा फोन असे, तिथे धुळीत एक चौकोन उरला होता. जिन्याखालून आवाज आला. त्यांच्याच तारेवरून संगणक त्या रिकाम्या खोलीचा नंबर पुन्हा लावत होता.