वाघोलीच्या आयर्लंडची भैरवी

आमची इमारत वाघोलीत असली तरी तिचं नाव आयर्लंडातल्या एका शहराचं आहे. शेजारच्या इमारतींचीही तशीच. बिल्डर एकदा तिकडे सहलीला जाऊन आला आणि परतल्यावर बाजरीच्या रानात त्याने आयर्लंड उभं केलं. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. आयर्लंडात बारा महिने पाऊस असतो. आमच्याकडे बारा महिने टँकर. मुलाने इथे फ्लॅट घेतला म्हणून आम्ही दोघं पेठेतून आलो आणि येताना मी तोंड बंद ठेवायचं कबूल केलं. ते मी घरात पाळतो.

नव्या इमारती विकायला काढल्या तेव्हा बिल्डरने शनिवार-रविवार आयरिश सांस्कृतिक महोत्सव ठेवला. एका देशाची संस्कृती दोन दिवसांत उरकायची होती. त्यात स्थानिक रंग म्हणून सोसायटीतल्या बायकांच्या भजनी मंडळाला शनिवारी संध्याकाळी वीस मिनिटं दिली. हे मंडळ माझ्या बायकोचं. पेठेतलं जुनं मंडळ सुटल्यावर कित्येक महिने ती घरात साधं गुणगुणतही नव्हती. मग तळमजल्यावरची एक, लिफ्टमध्ये भेटलेल्या दोघी, असं करत तिने नवं मंडळ जमवलं. लोकांसमोर गाण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. सगळ्यांनी हिरवं घालावं असा निरोप आला. आमच्याकडे हिरवी साडी नाही अशी बाई दाखवा. महिनाभर आमच्या हॉलमध्ये तालीम चालली आणि मी चहा करत राहिलो.

शनिवारी मैदानावर गेलो तर आयर्लंड म्हणजे हिरवा रंग एवढाच बोध आयोजकांना झालेला दिसला. खुर्च्यांना हिरवी कापडं, मुलांना हिरव्या टोप्या. पुदिन्याच्या चटणीचं सँडविच आयरिश म्हणून विकलं जात होतं आणि इंजिनियर लोक रांग लावून ते खात होते.

मग संगीत. पहिलं आकर्षण बॅगपाइप. चार माणसं चौकडीचे घागरे नेसून आली. घागरे स्कॉटलंडचे, माणसं लोणी काळभोरच्या लग्नाच्या बँडमधली आणि चाल हळदीला वाजवतात त्या सिनेमातल्या गाण्याची. त्यांना मी दोष देत नाही, सांगितलं ते त्यांनी नेसलं. त्यानंतर लहान मुलींचा आयरिश नाच. त्यात हात अंगाशी ताठ ठेवून नुसते पाय आपटायचे असतात. मुलींच्या आया समोर उभ्या राहून मोबाइलवर चित्रीकरण करत असल्याने ते पाय आम्हाला दिसले नाहीत. तिसरं आकर्षण म्हणजे विक्री विभागातल्या एका तरुणाने गायलेलं इंग्रजी गाणं. त्याला ते पाठ नव्हतं आणि सुरांशीही ओळख नव्हती, पण टाळ्या सगळ्यात जास्त त्यालाच पडल्या.

पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बिल्डरचे वडील बसवलेले होते. ही सगळी जमीन मुळात त्यांची. पांढरा फेटा, हातात काठी. कानाशी बॅगपाइप किंचाळत होता आणि म्हातारबुवा गाढ झोपले होते. मला पटलेला त्या दिवसातला तो एकच रसिक.

भजनी मंडळ पेटी, मृदंग, टाळ घेऊन स्टेजमागे बसून राहिलं. निवेदन करणारी मुलगी येऊन म्हणाली की वेळ कमी पडतोय, तुम्हाला उद्या सकाळी घेऊ. सकाळी म्हणाली, संध्याकाळी नक्की. बायकोने दोन्ही वेळा बरं म्हटलं आणि साडीची घडी मोडू नये म्हणून ती दिवसभर ताठ बसली. मला भयंकर राग आला होता. तसं मी म्हटल्यावर ती म्हणाली, "अहो, तुम्हाला कधी राग आलेला नसतो?"

रविवारी संध्याकाळी त्या आयर्लंडात एक खरा आयरिश माणूस आला. नगर रस्त्यावरच्या कुठल्याशा कारखान्यात तो कामाला होता. व्हायोलिन हनुवटीखाली न धरता छातीशी टेकवून त्याने डोळे मिटले आणि एक अगदी संथ चाल सुरू केली. कुणीतरी घर सोडून गेलं असावं असं काहीतरी त्यात होतं. मी दोन दिवसांत पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसलो. तेवढ्यात निवेदिका माइकवर म्हणाली, "सर, थोडं फास्ट प्लीज, पब्लिकला नाचायचंय." त्याने बिचाऱ्याने जलद चाल धरली. पोरांनी शिट्ट्या मारल्या आणि डीजेने वर आपला ठेका चढवला. जरा वेळाने तो माणूस थांबला. वाजवणारा थांबला हे कुणाच्याही लक्षात आलं नाही, नाच चालूच राहिला. तो व्हायोलिन घेऊन खाली उतरला आणि माझ्याशेजारच्या रिकाम्या खुर्चीत येऊन बसला.

आता बिल्डरचं भाषण, बुकिंग करणाऱ्यांसाठी लकी ड्रॉ आणि मग मोठा डीजे, असं बाकी होतं. पण बिल्डर वाटेत ट्रॅफिकमध्ये अडकला होता. स्टेज रिकामं पडलं तेव्हा निवेदिकेला हिरव्या साड्या आठवल्या. ती धावत गेली. "काकू, पाच मिनिटांचं काहीतरी म्हणा ना, सर येईपर्यंत."

मी पेटी वर चढवून द्यायला गेलो होतो, म्हणून पुढचं मला ऐकू आलं. पेटीवाल्या बाईंनी विचारलं, पहिलं कुठलं घ्यायचं? बायको म्हणाली, "भैरवी."

"आधीच?"

"हो. आधीच."

आमच्याकडे भैरवी गायली की मैफल संपली. पुढे कुणी गात नाही, कुणी गा म्हणत नाही, लोक चपला शोधायला लागतात. हे पेठेतल्या माणसाला शिकवावं लागत नाही आणि खेड्यातल्या भजनातही तेच. मी खुर्चीत परतलो आणि बायकोने भैरवीतल्या एका अभंगाला हात घातला. पहिली ओळ जरा कापत गेली. दुसऱ्या ओळीला बायकांनी मागून साथ दिली आणि तिचा आवाज मोकळा झाला. रविवारीही सोफ्यावर झोपलेले म्हातारबुवा जागे झाले. त्यांनी काठी बाजूला ठेवली आणि गुडघ्यावर ताल धरला.

अभंग संपता संपता बिल्डर धापा टाकत स्टेजवर चढला. त्याने माइक हातात घेतला आणि त्याच वेळी समोर त्याचे वडील उठून उभे राहिले. त्यांनी स्टेजकडे बघून हात जोडले, ते मुलाला नव्हे.

"आप्पा, बसा की, अजून भाषण हाय," मुलगा माइकवरच म्हणाला.

"भैरवी झाली," म्हातारबुवा म्हणाले. "आता कसलं भाषण? उठा."

आणि ते निघाले. त्यांच्यामागे पेठांतून मुलांकडे राहायला आलेले माझ्यासारखे सगळे म्हातारे उठले. नातवंडं त्यांच्या हाताला असल्याने तीही उठली आणि नातवंडांमागे त्यांच्या आया. आयरिश माणसाने मला विचारलं, काय झालं? मोडक्या इंग्रजीत मी सांगितलं की या गाण्यानंतर आमच्याकडे गाणं नसतं. त्याने मान हलवली, व्हायोलिन पेटीत ठेवलं आणि पेटी बंद केली.

लकी ड्रॉ अजून बाकी आहे, असं मागून बराच वेळ ऐकू येत होतं. मी हार्मोनियम उचलून चालत होतो, बायको टाळांची पिशवी घेऊन शेजारी. फाटकापाशी तिने विचारलं, "कसं झालं हो?"

"वेळेवर झालं," मी म्हणालो.

लिफ्ट येईपर्यंत ती गुणगुणत होती.