दहाव्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. सांगितलं असतं तर तिने निमूट ऐकून घेतलं असतं, पण मग भगवान घरी आला की त्याच्यासमोर चहा ठेवताना तिला त्याच्याकडे बघवलं नसतं. तुम्ही मला ओळखत नाही, भगवानलाही ओळखत नाही. त्यामुळे तुम्हाला सांगणं सोपं — निदान सुरुवात करताना तरी तसं वाटतंय.

मी नाशिकमध्ये फायरमन आहे. लोकांना वाटतं, आम्ही रोज आगीत उड्या मारतो. प्रत्यक्षात निम्मी नोकरी मांज्यात अडकलेले पक्षी सोडवण्यात, पडलेली झाडं कापण्यात आणि गोदावरीला पूर आला की काठावरच्या हौशी मंडळींना मागे ढकलण्यात जाते. भगवान माझ्याच पाळीत होता. नांदगावकडचा, माझ्यापेक्षा बराच लहान. मला नाना म्हणायचा — अजूनही म्हणतो. आमची जोडी ठरलेली. होजच्या, म्हणजे पाण्याच्या लांब कापडी पाइपच्या, तोंडाला जी पितळी नळी लावतात, तिला आम्ही ब्रांच म्हणतो. ती त्याच्या हातात. मागे व्हॉल्व्हपाशी मी. तो पुढे जायचा, कारण मी मागे आहे हे त्याला माहीत असायचं. यापेक्षा जास्त काही आम्ही त्याबद्दल कधी बोललो नाही.

आता एक गोष्ट समजून घ्या, बाकी सगळं तिच्यावर आहे. टॉवरमध्ये जिन्यालगत एक उभा लाल पाइप असतो आणि प्रत्येक मजल्यावर त्याला एक व्हॉल्व्ह. ज्या मजल्यावर आग, तिथल्या व्हॉल्व्हला होज लावत नाहीत — धुरात सापडाल. एक मजला खाली लावायचा आणि होज जिन्याने वर न्यायचा. एकच मजला. दोन मजले खाली लावलात, तर जिन्याची वळणंच होज खाऊन टाकतात आणि घरात आतपर्यंत तो पुरत नाही. नव्या पोरांना हे मीच शिकवतो. चांगलं शिकवतो, असं साहेब म्हणतात.

तो टॉवर पाथर्डी फाट्याच्या बाजूला होता. भर दुपार. द्वारका चौकात आमची गाडी अडकली, सायरन बोंबलतोय आणि पुढचा टेम्पोवाला आरशात बघून हसतोय — असली फालतू गोष्ट मला स्वच्छ आठवते. का आठवते? बहुधा पुढचं आठवायला नको म्हणून.

आग अकराव्या मजल्यावर होती. स्कूटरची बॅटरी हॉलमध्ये चार्जिंगला लावली होती, ती पेटली. आतल्या खोलीत एक बाई, पाय प्लास्टरमध्ये. बाकीची माणसं खाली पंपावर आणि रहिवाशांना बाहेर काढण्यात गुंतलेली. भगवान आणि मी होज खांद्यावर घेऊन जिन्याने वर गेलो. दहाव्यावर मी थांबलो. तो ब्रांच घेऊन पुढे गेला, मी होजचं दुसरं टोक व्हॉल्व्हला लावायला वाकलो —

आणि वर काहीतरी फुटलं. मोठा आवाज. छताचं थोडं प्लास्टर माझ्या हेल्मेटवर पडलं, जिन्यातून काळा धूर खाली आला. बस, एवढंच. मला खरचटलंही नाही. याहून वाईट जागी मी उभा राहिलो आहे. मग त्याच दिवशी काय झालं? मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. पाय आपले आपण खाली निघाले. होजचं टोक हातात तसंच होतं. नवव्या मजल्यावर आलो तेव्हा कळलं की आपण पळालो आहोत.

परत वर जाता आलं असतं. एक जिना. त्याऐवजी मी नवव्यावरच होज लावला आणि वर तोंड करून ओरडलो, ‘‘दहाव्याचा व्हॉल्व्ह जाम आहे! नवव्यावरून घेतोय!’’

वरून भगवानचा आवाज आला, ‘‘हां नाना, सोडा!’’

त्याने शंकासुद्धा घेतली नाही. मी पाणी सोडलं. हॉलमधली आग त्याने मागे रेटली, आणि आतल्या खोलीच्या चार पावलं अलीकडे होज संपला. पलीकडे बाई ओरडत होत्या. त्याने ब्रांच खाली टाकली आणि पाण्याशिवाय आत गेला. बाईंना खांद्यावर घेऊन बाहेर आला. वाटेत पेटतं दार त्याने उजव्या हाताने ढकललं होतं. हातमोज्याचं काय झालं ते मी बघितलं आहे, इथे लिहीत नाही.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, माणूस आहे, घाबरला. मीही बरीच वर्षं स्वतःला हेच ऐकवलं. पण सांगायचं ते हे नाही. हे मी मुद्दाम आधी सांगितलं — कमी लाजेचं होतं म्हणून.

आग विझली. भगवानला दवाखान्यात नेलं. साहेब खाली म्हणाले, जरा वेळाने तो जाम व्हॉल्व्ह बघायला हवा. मी म्हटलं, वर माझी कुऱ्हाड राहिली आहे, घेऊन येतो. एकटा दहाव्यावर गेलो. व्हॉल्व्हचं चाक धरून फिरवलं. ते फिरलं — लोण्यासारखं. तेल घातलेलं होतं त्यात. मी ते घट्ट बंद केलं आणि कुऱ्हाडीच्या पाठीने चाकाच्या दांड्यावर घाव घातले, दांडा वाकेपर्यंत. वर माणसं जळकं सामान फोडत होती, त्या आवाजात हा आवाज कुणाला ओळखू येणार? मग साहेब आले, त्यांनी जोर लावून बघितला. चाक हललं नाही. सोसायटीचा पंप बघणारा माणूस तिथेच उभा होता. ‘‘परवाच फिरवला होता साहेब, देवाशपथ,’’ तो पुन्हा पुन्हा सांगत होता. साहेबांनी त्याला झापलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मला वाटतं सहज, आणि मी म्हणालो, ‘‘परवा फिरवला असता तर आज फिरला असता की.’’ त्याची नोकरी गेली, असं नंतर ऐकलं.

तेव्हा मला भीती वाटत नव्हती. हात स्थिर होता. डोकं थंड होतं. हेच सांगायचं होतं.

भगवानच्या उजव्या हाताची बोटं आता मिटत नाहीत. ब्रांच धरता येत नाही, म्हणून त्याला फोनवर बसवलं. आगीचा फोन आला की तो पत्ता लिहून घेतो, डाव्या हाताने, आणि आम्ही निघताना खिडकीतून बघतो. एकदा जेवणाचे डबे उघडून बसलो असताना म्हणाला, ‘‘नाना, कधी कधी वाटतं, लय नाय, चार पावलं पाइप पुरला असता ना...’’ मी पोळीचा तुकडा मोडला आणि म्हणालो, ‘‘व्हॉल्व्हच साला जाम, त्याला काय करणार?’’ तो म्हणाला, ‘‘तेही खरंय.’’ आणि त्याने मला त्याच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी वाढली.

माझी मात्र कीर्ती झाली. प्रसंगावधान! जाम व्हॉल्व्ह बघून क्षणात खालून पाणी घेणारा माणूस! सोसायट्यांमध्ये प्रात्यक्षिकं द्यायला मलाच पाठवतात. तिथे मी ही गोष्ट सांगतो — हो, सांगतो, चांगली रंगवून — आणि लोकांना व्हॉल्व्हला तेल घालायला लावतो. ते घालतातही. यातून कुणाचा जीव वाचला असेल का? असेल. तो हिशेब माझ्या बाजूला मांडायचा नाही, एवढं मला कळतं.

दसऱ्याला आमच्याकडे गाडीची, होजची, ब्रांचची पूजा असते. झेंडूच्या माळा घालून सगळं ओळीने मांडतो. भगवान कुंकू लावतो, त्याचा मान आहे तो. बोटं मिटत नसली तरी कुंकू लावायला मिटावी लागत नाहीत. गेल्या दसऱ्याला त्याने गाडीला लावलं, ब्रांचला लावलं आणि मग वाटी घेऊन माझ्याकडे वळला. सगळी नवी पोरं उभी होती. त्यांना म्हणाला, ‘‘बघून ठेवा रे. या माणसाने त्या दिवशी पाणी दिलं नसतं, तर मी नसतो.’’

त्याने ते ताठ बोट पुढे केलं. मी डोक्यावरची टोपी काढली आणि कपाळ पुढे केलं.