जॉनीची मुलगी

कांबळे सर गेल्याचं मला पुण्याहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं सांगितलं. मी मशीनवर पायजमा शिवत होतो. "मास्तर, तुमचं सर गेलं वो," एवढं म्हणून तो चहाला निघून गेला. मी ती शिलाई पुरी केली. हातांना अजून कळलं नव्हतं...

पौडच्या बाजारात माझं शिंप्याचं दुकान आहे. बायको वारली, मुली सासरी गेल्या, तेव्हापासून तेच माझं घर. सर हायस्कुलात इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले, तेही एकटेच. मुलगी मुंबईला. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास एका संध्याकाळी ते पुण्याच्या फुटपाथवर घेतलेली इंग्रजी कादंबरी काखेत मारून आले. समुद्रकाठच्या एका गावातल्या गुंडांची. "ऐकता का, मास्तर?" म्हणाले. मला इंग्रजी येत नाही, आणि समुद्रही मी पाहिलेला नाही. "मुळशीचं धरण बघितलंय ना? त्याच्या पलीकडचा डोंगर काढून टाका. झाला समुद्र!"

मग ते रोजचंच झालं. मशीनच्या खडखडाटात गोष्ट ऐकू येईना, म्हणून मी मशीनचं काम दिवसाउजेडी उरकायचो आणि काजं-बटणं संध्याकाळसाठी राखून ठेवायचो. पुढं पुढं तर मशीनवर होण्यासारखी शिलाईही हातानं घालू लागलो. गिऱ्हाइकं बोंबलायची, "बटनापायी शर्ट अडवून ठेवलाय व्हय?" त्यांना काय सांगणार, जॉनी अजून पोलिसांच्या हाती लागायचाय म्हणून!

जॉनी म्हणजे त्या टोळीचा म्होरक्या. पुस्तक बोटभर जाडीचं, गोष्ट मात्र वर्षानुवर्षं चालली. मी कमी शिकलेला असेन, खुळा नाही. त्या गोऱ्या साहेबांच्या गावात हळूहळू आठवडी बाजार भरू लागला, गुंड गुळाचा चहा पिऊ लागले. आणि एकदा जॉनीला चक्क मुलगी निघाली! ती परगावी असते, पत्र पाठवत नाही, म्हणून हा धक्क्याला लागणारी प्रत्येक बोट बघायला जातो... हे सांगताना सर पुस्तकाकडे बघतही नसत. मी सुईत दोरा ओवत राहायचो. विचारलं असतं तर गोष्ट संपली असती, आणि ते मला परवडणारं नव्हतं.

शेवटचे आले ते भर दुपारी, चेहरा पार उतरलेला. मी मशीन थांबवलं तर म्हणाले, "चालू द्या." उभ्यानंच शेवटचं पान उघडलं. "मेला जॉनी. धक्क्यावर. एकटाच."

मी भडकलो. "आसं कसं सर? त्याची पोरगी यायची हाय न्हवं?"

"पुस्तकात मुलगी नाही, मास्तर. उद्या पुण्याला दवाखान्यात जातोय. म्हटलं, गोष्ट अर्धवट नको राहायला..."

मला त्यांचा भयंकर राग आला. इतकी ताणली, आणखी थोडी ताणली असती तर काय बिघडलं असतं?

गेल्या आठवड्यात त्यांची मुलगी खोली आवरायला आली होती. दुकानात येऊन बाकावर बसली. "बाबा रोज इथं यायचे म्हणे. काय बोलायचे?"

"येका गुंडाची गोष्ट सांगायचे."

"मग काय होतं त्याचं शेवटी?"

खरा शेवट ओठांवर आला होता. पण जीभ रेटेना. "न्हाई मेला अजून," मी म्हणालो. "धक्क्यावर बसून पोरीची वाट बघतुया."

ती बाकावरच बसून राहिली. मी मशीन सुरू केलं नाही.