साडेपस्तीसचा अणू

क्लोरीन हा शब्द कुणी सहज उच्चारला तरी माझे कान अजून तापतात. कन्नड मुलखातल्या हळ्ळीखेडच्या मराठी शाळेतून दहावी करून मी तालुक्याच्या कॉलेजात सायन्सला गेले, त्याच महिन्यातली ही गोष्ट. शाळेत सगळं मराठीतून शिकलेलं. इथं पुस्तक इंग्रजीत, शिकवणं कन्नडमधून आणि मराठी फक्त रागवायला. केमिस्ट्रीच्या सरांचं मराठी किती चांगलं आहे, हे मला त्यांची बोलणी खाऊनच कळलं.

त्या दिवशी त्यांनी मला फळ्यापाशी उभं केलं. क्लोरीनचे दोन प्रकारचे अणू असतात, समस्थानिक. दोघांच्याही पोटात प्रोटॉन सतराच, म्हणून दोन्ही क्लोरीनच. पण एकात न्यूट्रॉन दोन जास्त, म्हणून एकाचं वजन पस्तीस आणि दुसऱ्याचं सदतीस. मग पुस्तकात क्लोरीनचं अणुवस्तुमान किती दिलेलं असेल, असा प्रश्न होता. मी बेधडक छत्तीस लिहिलं.

का लिहिलं, ते मला पक्कं ठाऊक आहे. आम्ही दुसऱ्याचं शेत बटईनं करतो. रास झाली की निम्मं मालकाचं, निम्मं आमचं. दोन वाटेकरी दिसले की मधोमध भाग पाडायचा, याच्यापुढं आमच्या घरचं गणित कधी गेलंच नव्हतं. वर्ग खो खो हसला आणि कुणीतरी फळ्याचा फोटो काढून वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. सरांनी माझा छत्तीस पुसून तिथं साडेपस्तीस लिहिलं. का, ते सांगितलं नाही.

"हे तुझ्या आवाक्यातलं न्हाई," ते म्हणाले. "सोमवारी तुझ्या अप्पाला घेऊन ये आन् आर्ट्सचा अर्ज देऊन टाक."

मला रडू आलं नाही, राग आला. माझ्या आजोबांनी बौद्ध धम्म घेतला, तेव्हापासून आमच्या घरात एक खोड आहे. कुणी म्हणालं की तुझी जागा तिकडं, तर आम्ही आधी 'कामून?', का म्हणून, असं विचारतो. त्या दिवशी मी ते विचारलं नाही, याचाच मला जास्त राग होता.

पेरणी तोंडावर आली होती. रविवारी आई अंगणात तुरीचं बी कालवत बसली होती. घरची तूर बारीक दाण्याची, आणि मावशीनं कलबुर्गीकडून पाठवलेली टपोरी. आमच्याकडं दोन्ही मिसळून पेरतात, म्हणजे एकीनं दगा दिला तर दुसरी उभी राहते. मी शेजारी पुस्तक घेऊन बसले होते, पण डोक्यात काही शिरत नव्हतं.

"आई, यातलं एक बी किती वजनाचं असंल?"

"कोणतं? बारीक का टपोरं?"

"दोन्ही मिळून. सरासरी."

"सरासरी बी कसं असतंय गं? असलं तर बारीक असंल, न्हाई तर टपोरं असंल."

"मंग दोन्हीचं निम्मं धरू का?"

"निम्मं कामून धरायलीस? टपोरं एक माप टाकलंय, घरचं तीन मापं हाय. मूठ भरलीस तर घरचंच जास्त येतंय की."

मी पुस्तकात पाहिलं. तिथं लिहिलेलंच होतं, माझं लक्ष गेलं नव्हतं: क्लोरीनच्या चार अणूंत साधारण तीन पस्तीसचे आणि एक सदतीसचा. पस्तीस त्रिक एकशे पाच, त्यात सदतीस मिळवले की एकशे बेचाळीस. चारानं भागलं की साडेपस्तीस. मी आईकडं बघतच राहिले. ती पुन्हा बी कालवायला लागली होती.

सोमवारी मी एकटीच गेले.

"अप्पा कुठाय?" सरांनी विचारलं.

"शेतात. मी त्यांना बोलावलंच न्हाई."

विचारल्याशिवाय मी खडू उचलला आणि सगळी रीत फळ्यावर मांडली. सरांनी ती वरून खाली वाचली. चूक सापडली असती तर त्यांना फार बरं वाटलं असतं.

"पाठ करून आलीस," ते म्हणाले. "गावाकडच्या मराठी शाळेतल्या पोरींची सरासरी मला ठाव हाय. बारावीपर्यंत सायन्सला टिकत न्हाईत."

ही सरासरी ऐकली आणि मी खडू खाली ठेवला.

"सर, साडेपस्तीस वजनाचा क्लोरीनचा एक तरी अणू हाय का?"

त्यांनी पुस्तकाकडं पाहिलं. खोटं सांगायची सोय नव्हती, पुस्तक सगळ्यांसमोर उघडं होतं.

"न्हाई," ते म्हणाले.

"मंग सरासरीवरून मला कामून तोलायलात? तोलायचंच असंल तर मला एकटीला तोला. वर्षभर तोला. अर्ज मी देणार न्हाई."

बोलून झाल्यावर मला माझ्याच आवाजाची भीती वाटली, पण शब्द मागं घ्यावेत असं वाटलं नाही. मी जाऊन पहिल्या बाकावर बसले. सरांनी सायन्सचं हजेरीपुस्तक उघडलं. एकेक नाव घेत ते माझ्या नावाशी आले आणि थांबले. मग त्यांनी ते वाचलं, आणि मी उभी राहून शेवटच्या बाकालाही ऐकू जाईल असं म्हटलं, "येस सर."