घरचा नंबर

बडनेऱ्याला गाडी हलली तेव्हा बाबा खिडकीचा गज धरून चार पावलं सोबत चालले आणि म्हणाले, "घरचा नंबर पाठ हाय ना? काही झालं तं त्याच्यावर फोन कर." एवढंच. वलगावचा माणूस निरोप देतानाही कामाचंच बोलतो. मी शिष्यवृत्तीच्या भरवशावर पुण्याला शिकायला निघाले होते. तो नंबर फोनमध्ये मी 'घर' म्हणून ठेवला होता.

पुण्यात मी 'मले' म्हटलं की मेसमधल्या पोरी हसायच्या. वर्षभरात 'मला' शिकले. विद्यार्थी संघटनेत गेले आणि पत्रकं लिहायला शिकले. 'शिष्यवृत्ती भीक नव्हे' हे मी इतक्या वेळा छापलंय की तुम्हाला वाटेल मला त्यातलं सगळं कळतं. काय डोंबल कळतं! दुसऱ्या वर्षी अर्जाचं नूतनीकरण करायला पोर्टल उघडलं आणि ओटीपीच येईना. माझ्या आधारला नंबर बाबांचा, तोच 'घर'वाला. तो तर त्यांनी केव्हाच सोडला होता. अमरावतीत छत्रीखाली बसलेल्या पोराने फुकटात नवं सिम दिलं, म्हणून जुन्यात पैसे टाकणं बंद. वर मलाच विचारतात, "थे बंद पडलं तं कोनाचं काय जाते?"

जात होतं माझं. शिष्यवृत्ती अडली की फी अडते, फी अडली की हॉलतिकीट. आधार केंद्रात नंबर बदलायची जी तारीख मिळाली, ती अर्जाची मुदत संपल्यावरची. हेल्पलाइनवाला पोपटासारखा एकच सांगे, नोंदणीकृत मोबाइलवर आलेला ओटीपी टाका. जातीचा दाखला सरकारचा, उत्पन्नाचा दाखला सरकारचा, गुणपत्रिका सरकारची, आणि मी मीच आहे हे सरकारला पटवणार कोण, तर एक सिमकार्ड! राग आला की एरवी मी पत्रक लिहिते. त्या दिवशी रागाच्या भरात 'घर' दाबलं.

रिंग गेली. कुणीतरी उचललं.

मागे शिलाई मशीनची खडखड चालू होती. बाई अकोल्याच्या, जुन्या शहरातल्या, नाव शमीम. कंपनीने आमचा बंद पडलेला नंबर त्यांना देऊन टाकला होता. मी सगळी कथा सांगितली. त्यांनी ती पूर्ण ऐकली आणि म्हणाल्या, "ओटीपी कोनाले सांगू नोको, असं फोनातली बाई रोज सांगते. तू कोन चोट्टी हायेस, मले काय मालूम?"

बरोबरच होतं. मी स्वतः हेच पत्रकात छापलं होतं. मग त्यांनीच विचारलं, "बापाचं नाव काय?"

"गजानन."

मशीन थांबली. "वलगाववाला गजाननभाऊ? बेटा, त्याले सांग, तुह्ये सोयाबीनचे भाव रोज माह्या फोनवर येऊन राहिले. अन् त्याचा साळा तं सकाळीच फोन करते, बहिनीले दे म्हनते."

त्यांना चष्मा सापडेस्तोवर पहिला ओटीपी मेला. दुसरा त्यांनी एकेक आकडा दमाने वाचला, आणि पोर्टल उघडलं.

जिने मला कधी पाहिलं नाही, जिला यातून छदाम मिळायचा नव्हता, तिने माझ्या बापाच्या नावावर दार उघडलं होतं. सरकारला इतक्या कागदांवर जे पटलं नाही, ते तिला एका शब्दात पटलं. या गोष्टीवर मला अजून पत्रक लिहिता आलेलं नाही. शिव्या द्याव्यात असं त्या गोष्टीत कुणीच नाही.

एका ओटीपीत अर्ज थोडाच होतो? कागद परत आले, दुरुस्त्या निघाल्या, आणि दरवेळी मी खालांना फोन लावला. हो, तोवर मी त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायला लागले होते. "आली काय सरकारची आठवन?" म्हणतच त्या फोन उचलायच्या. अर्ज मंजूर झाल्याचा मेसेजही आधी त्यांनाच गेला. त्यांनी फोन करून सांगितलं, "बेटा, पास झालो आपन."

आपन.

आता माझ्या आधारला माझाच नंबर आहे. गावी राहिलेल्यांनो, तुम्ही विचारता घरी कधी येतेस. माझ्यासारख्या निघून आलेल्यांनो, तुम्हीही सणाला तिकिटं काढता आणि म्हणता, घरी चाललो. मीही म्हणते. पण माझ्या फोनमध्ये वलगावचा नंबर 'बाबा नवीन' आहे आणि 'घर' मी बदललेलं नाही. तिथे फोन करायचं आता काही काम उरलं नाही, तरी करते. तिथे 'मले' म्हटलं की कुणी हसत नाही.

गेल्या दिवाळीला निघाले. पुण्याहून येताना अकोला आधी लागतं, बडनेरा नंतर. खाला म्हणाल्या, स्टेशनवर येतो. मी विचारलं, आपण एकमेकींना ओळखणार कसं?

"मी फोन लावतो. ज्या पोरीच्या हातात वाजन, थे तू."

अकोल्याला गाडी थांबली. दारात उभी राहून मी गर्दीतल्या प्रत्येक बाईकडे बघत होते, तेवढ्यात हातातला फोन वाजला. स्क्रीनवर नाव आलं, घर.

बडनेरा यायला अजून तासभर होता. मी पिशवी घेऊन खाली उतरले.