कोकिळेच्या डोक्यावरची सायकल

माझ्या बायकोला, कोकिळेला, सेवाग्रामच्या दवाखान्यात काम मिळालं ते अठ्ठ्याहत्तर साली. स्वयंपाकघरातलं काम, पहाटेपासूनचं. आम्ही नालवाडीत राहायचो आणि त्या वेळेला बस नव्हती. म्हणून तिने बदली होऊन गेलेल्या एका नर्सबाईंची जुनी लेडीज सायकल घेतली. बोरगावच्या मैदानात पडत-उठत शिकली. गुडघे फुटले, पण कोणाला सायकल धरू दिली नाही.

अडचण माझ्या मायची होती. आनंदाबाई म्हणजे तोंडाने कडक.

"रस्त्यात दमली तर कोन आनन तुले?" माय म्हणाली.

"मी नाई दमत, आत्याबाई."

"मंग खैरीच्या तलावाले पुरा फेरा मारून ये. मागं फिरली, नाई तं नवऱ्याच्या कॅरिअरवर बसली, तं सायकल रूपरावची. मंग नोकरीचं नाव नाई काढायचं."

रूपराव म्हणजे माझा धाकटा भाऊ. तो तेव्हापासूनच त्या सायकलची घंटी वाजवून पाहू लागला.

दसरा झाला होता. मी कापसाच्या प्रेसमध्ये गाठी वाहायचो आणि हंगाम अजून सुरू व्हायचा होता. कोकिळा म्हणाली, "जायचंच आहे तं मुक्काम करू. आपन दोघं कधी कुठं गेलोच नाई."

खरंच गेलो नव्हतो.

मी गाठी झाकायची एक जुनी ताडपत्री मागून आणली. सामान मी माझ्या सायकलला बांधलं. सैल बांधलेलं ओझं दुप्पट जड होतं, हे हमालाला सांगावं लागत नाही. दोन्ही बाजूंना सारखं वजन, दोरीची गाठ खाली, भांडी कापडात. आवाज करणारं सामान घासून दोरी तोडतं.

सेलूपर्यंत रस्ता बरा होता. पुढे कच्चा, चढाचा, समोरून वारा. कोकिळा चढावर उभी राहून पायडल मारायची. मी सांगितलं, "बसून मार, दम पुरते." तिने ऐकलं नाही. वर जाऊन माझी वाट पाहत थांबली.

"काऊन थांबली?"

"तुमच्यासाठी. कॅरिअरवर बसता का?"

तलाव दिसला तेव्हा ऊन उतरलं होतं. पाणी डोंगराच्या पोटापर्यंत गेलेलं. मी पळसाला दोर ताणून ताडपत्री बांधली. कोकिळेने काठावरच्या रानगोवऱ्या गोळा केल्या आणि निखाऱ्यात कणकेचे रोडगे भाजायला घातले. मग तिच्या लक्षात आलं की कणीक घरच्या मापाने मळली होती. रोडगे म्हणजे दहाजण जेवायला बसायचे. दोघांपुरते ते तिने कधी केलेच नव्हते.

"आता काय करू वो एवढ्याचं?"

"खा," मी म्हणालो.

वांग्याच्या भाजीबरोबर पोट तट्ट होईपर्यंत खाल्लं. लग्नानंतर आम्ही दोघंच जेवायला बसलो अशी ती पहिली वेळ. वाढायला कोणी नाही, हाक मारायला कोणी नाही. कोकिळा पाय पसरून बसली आणि मोठ्याने हसली. तिचं हसणं इतकं मोठं असतं हे मला घरात कळलं नव्हतं.

सकाळी फेऱ्याला निघालो. गावच्या तळ्याला काठाने वाट असते, तशी इथेही असेल असं आम्ही धरून चाललो होतो. पल्याडच्या अंगाला पोचलो आणि वाट संपली. पुढे नाला तलावात उतरत होता. मांडीभर पाणी, तळाला गोटे.

तिथे जंगलू मडावी म्हणून एक म्हातारा म्हशी चारत होता. त्याने आमच्याकडे पाहिलं, मग सायकलींकडे.

"म्हशीची वाट आहे. सायकलची नाई," तो म्हणाला. "आल्या वाटेनं जा."

"मागं फिरलो तं फेरा झाला नाई," कोकिळा म्हणाली. ती नाल्याकडे बघत राहिली. तिची नोकरी त्या पाण्यापलीकडे होती. मग तिने माझ्या खांद्यावरचा दुपट्टा ओढला, पिळला आणि त्याची चुंबळ केली.

"उचलून द्या."

"सायकल? डोक्यावर?"

"लाकडाची मोळी याहून जड असते. उचला."

मी हँडल दोरीने दांडीला बांधलं, नाहीतर ते फिरतं आणि तोल जातो. सायकल आडवी धरून तिच्या डोक्यावर दिली. तिने मान थोडी हलवून तोल शोधला, पदर खोचला आणि पाण्यात शिरली. पाय उचलायचा नाही, सरकवायचा. गोटा चाचपून मगच वजन टाकायचं. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. ती चालत गेली आणि पलीकडे निघाली. चाकं वर संथ फिरत होती.

मी माझी सायकल खांद्यावर घेतली. गाठी वाहायचा सराव, म्हणून घाई केली. मधोमध घसरलो. ताडपत्रीसकट बुडालो.

"अवो, कापसाची गाठ भिजली!" ती पलीकडून ओरडली. जंगलू हसून हसून काठीवर वाकला. ताडपत्री त्यानेच ओढून काढली. उरलेले रोडगे आम्ही त्याला दिले.

घरी आलो तेव्हा माय ओट्यावर होती. रूपराव शेजारी.

"फेरा पुरा केला?"

"हाव."

"मंग नाल्यापाशी काय केलं?"

मी चमकलो. मायचं माहेर त्याच अंगाला. तिथे वाट नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं.

"डोक्यावर घेतली," कोकिळा म्हणाली आणि हँडलला अडकवलेली ओली चुंबळ मायपुढे धरली.

मायने चुंबळ हातात घेतली, पीळ दाबून पाहिला. त्याच नाल्यातून तिने लहानपणी मोळ्या आणल्या होत्या. मग हसण्याने तिचे खांदे हलायला लागले.

"म्हंजे हे नाई बसली कॅरिअरवर. सायकलच बसली हिच्यावर!" ती रूपरावकडे वळली. "ऊठ बे. घंटीवरचा हात काढ."

कोकिळा पहिल्यांदा कामावर गेली त्या पहाटे डबा मायने स्वतः कॅरिअरला बांधला. गाठ सैल होती. कोकिळेने ती सोडली, पुन्हा आवळून बांधली आणि टांग टाकली.